बी उन्हाळा मोजतं

आल्प्स पर्वतात झाडांची रेषा जिथे संपते, तिथून वर कड्यांच्या भेगांमध्ये कॅम्पॅन्युला नावाची घंटाफुलं येतात. रंग निळा-जांभळा, आकार घंटेचा, उंची कधी कधी चार बोटंसुद्धा नाही. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचं बी पिकून खाली पडतं. त्या वेळी दगडांत ओल असते आणि ऊनही मायेचं असतं. उगवायला जे लागतं ते सगळं हजर असतं, तरी यातल्या बऱ्याच जातींचं बी उगवत नाही.

आता बारामती-इंदापूरच्या माळावर या. ऑक्टोबर संपत आलाय, कुसळी गवत पिकून तांबूस झालंय आणि त्याचं बी मुरमावर पडलंय. परतीच्या पावसानं जमीन भिजलीय, अजून थंडी नाही. इथेही उगवायला लागणारं सगळं हजर असतं. कुसळीचं ताजं बीही बहुतांशी तसंच पडून राहतं.

हजारो किलोमीटर दूर असलेल्या या दोन वनस्पतींचं नात्यागोत्याचं काही नाही, पण अडचण दोघींची एकच आहे. आल्प्सचं बी सप्टेंबरात उगवलं तर त्याचं नाजूक रोप महिन्याभरात बर्फाखाली मरेल. माळावरचं बी ऑक्टोबरात उगवलं तर त्याच्यापुढे सात महिने कोरडे आहेत आणि त्यांच्या शेवटी मे उभा आहे. म्हणून दोन्ही बिया थांबतात. नुसत्या थांबल्या असत्या तरी ते नवलच होतं. त्याहून मोठं नवल हे की ज्या ऋतूनं रोप मेलं असतं, त्याच ऋतूच्या हातात बी आपली किल्ली देतं. घंटाफुलाच्या बियाला कडाक्याची थंडी सोसल्याशिवाय उगवता येत नाही आणि माळाच्या बियाला उन्हाळा भाजून गेल्याशिवाय जाग येत नाही.

धुळीएवढं बी, आणि त्याला दिसणारा उजेड

युरोपात दगडी बागेचा नाद फार जुना आहे. डोंगरमाथ्यावरची फुलं घराजवळ फुलवायची म्हणून तिथले बागवान दगड-खडी रचून कृत्रिम कडे तयार करतात. या नादाला गंभीर विद्येचं रूप देणाऱ्यांत यॉर्कशरचा रेजिनल्ड फॅरर हा एक. त्यानं १९०७ मध्ये आपल्या दगडी बागेवर पुस्तक लिहिलं आणि पुढे या विषयावर दोन खंडांचा ग्रंथ केला. बंदुकीत डोंगरी फुलांचं बी भरून त्यानं ते समोरच्या कड्यावर झाडलं होतं, असंही त्याच्याबद्दल सांगतात. कल्पना तऱ्हेवाईक वाटते, पण तिच्यामागची जाण पक्की आहे. या बियांना सुपीक वाफा नको असतो, भेग हवी असते.

घंटाफुलाचं बी तपकिरी धुळीसारखं असतं. एका ग्रॅममध्ये हजारो बिया बसतात. एवढ्याशा बियाजवळ शिदोरी ती किती असणार? हरभऱ्याचा दाणा चार बोटं खोल पुरला तरी आतल्या डाळींच्या जोरावर कोंब वर येतो. घंटाफुलाचं बी तेवढंच खोल गेलं तर वाटेतच त्याचं अन्न संपेल. म्हणून आपण पृष्ठभागावर आहोत की मातीखाली, हे उगवण्याआधीच त्याला कळायला हवं. आणि ते कळतं. बियाच्या आत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते उजेड ओळखतं.

हे रंगद्रव्य कसं चालतं, याचा पहिला ठोस पुरावा अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सविल इथे मिळाला. १९५२ मध्ये हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या भिजलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला, तर बिया उगवल्या. त्यानंतर लगेच अतिलाल, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश टाकला, तर त्या थांबल्या. पुन्हा लाल टाकला की पुन्हा उगवल्या. असा उलटसुलट खेळ कितीही वेळा करा, बी शेवटच्या झोताचं ऐकतं.

निसर्गात याचा उपयोग काय? हिरवं पान सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं आणि अतिलाल भाग बराचसा खाली जाऊ देतं. म्हणजे दुसऱ्या झाडाच्या सावलीत पडलेल्या बियावर अतिलाल प्रकाश जास्त पडतो. बी त्यावरून ओळखतं की वर कुणीतरी आधीच पसरलंय, इथे आपल्याला जागा नाही. डोळा नसलेलं, मेंदू नसलेलं, चिमटीत धरताही न येणारं बी डोक्यावर आभाळ आहे की पानं आहेत हे सांगू शकतं. मला तरी याच्यापुढे मान तुकवावीशी वाटते.

म्हणून हे बी पेरण्याची रीतही वेगळी. पसरट कुंडीत बारीक खडी, वाळू आणि थोडी माती, वरचा थर सपाट. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून नुसतं भुरभुरायचं, वरून माती घालायची नाही. पाणी झारीनं न देता कुंडी परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यायची, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. ज्या जातींना थंडी लागते त्यांचं बी ओल्या वाळूत मिसळून फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे तर खाली, चार ते सहा आठवडे ठेवायचं. ओल महत्त्वाची, कारण कोरड्या बियाला थंडीचा हिशेब लागत नाही. नंतर बाहेर काढून पंधरा ते वीस अंशांच्या उजेडात ठेवलं की कोंब येतात.

कार्पेथियन डोंगरातलं घंटाफूल, कॅम्पॅन्युला कार्पॅटिका, मात्र या शीतवासाशिवायही उगवतं. बारामतीत ते नोव्हेंबरात पेरलं तर डिसेंबर-जानेवारीची हवा त्याला मानवण्यासारखी आहे. पण मार्चनंतर त्याचा निभाव लागणं कठीण. रात्रीही जमीन तापलेली राहिली की झाड दिवसभर केलेलं अन्न रात्री श्वसनात जाळून टाकतं आणि थंड भेगांची सवय असलेली मुळं दमून जातात. ज्याला एक हिवाळा त्याचा सोहळा पाहायचा आहे त्यानं जरूर पाहावा. बारामतीची कायमची दगडी बाग मात्र बारामतीच्याच बियांनी करावी.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. घंटाफुलांच्या घराण्यातली एक थोर वनस्पती आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारांवर पुरुषभर उंचीचे पांढऱ्या फुलांचे तुरे दिसतात, ती ढवळ म्हणजे रानतंबाखू, शास्त्रीय नाव लोबेलिया निकोटियानिफोलिया. कॅम्पॅन्युला आणि ढवळ एकाच कुळातल्या. तिचंही बी तसंच धुळीएवढं. पण ती घाटमाथ्याच्या धुक्यात वाढते. तिथून पूर्वेला निघालं की पाऊस झपाट्यानं उतरत जातो आणि कऱ्हा, नीरा, भीमेच्या काठी येईपर्यंत वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. इथे बियांचे कायदे बदलतात.

मुरमावरचा मे महिना

बारामती आणि इंदापूर म्हटलं की कालव्याखालचा ऊस आणि डाळिंबाच्या बागा आठवतात. पण कालव्याचं पाणी जिथे चढलं नाही, तिथे अजूनही माळ आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळचा माळ, इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. चिंकारा, लांडगे, धाविक पाहायला लोक तिथे येतात. पायाखालची जमीन मात्र कुणी वाकून पाहत नाही.

ही जमीन म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचा माथा. काळा पाषाण झिजून मुरूम झाला आणि त्यावर कुठे वीतभर, कुठे बोटभर माती. माळेगाव खुर्दला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली ती अशाच खडकाळ माळावर. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांना होणारा जाच कमी कसा करावा, हा तिचा अभ्यासविषय. पिकाच्या दृष्टीनं हा जाच खराच आहे. रानातल्या बियांसाठी मात्र तोच जाच म्हणजे दिनदर्शिका आहे.

मे महिन्यात दुपारी उघड्या मुरमाचा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो आणि पहाटे पुन्हा पंचविशीपर्यंत उतरतो. हा रोजचा चढउतार बियांच्या आत दोन प्रकारे काम करतो.

पहिला प्रकार कुसळीसारख्या गवतांचा. ताज्या बियात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाची हुकमत असते, ते उगवण रोखून धरतं. जिबरेलिन नावाचं दुसरं संप्रेरक उगवण सुरू करतं. कोरड्या, तापलेल्या महिन्यांत पहिल्याची पकड ढिली होत जाते आणि बियाचा कान दुसऱ्याकडे लागतो. याला बियाचं मुरणं म्हणता येईल. वरून काही बदललेलं दिसत नाही, पण नोव्हेंबरातलं बी आणि जूनमधलं बी यांत फरक पडलेला असतो. गंमत अशी की आल्प्सच्या घंटाफुलात ओल्या थंडीनं जे घडतं, तेही याच दोन संप्रेरकांच्या तोलामुळे. किल्ल्या दोन आहेत, कुलूप एकाच घडणीचं आहे.

दुसरा प्रकार शेंगावर्गीय झाडांचा. तरवड, टाकळा, उन्हाळी, खुळखुळा ही माळावरची नेहमीची मंडळी. यांच्या बिया मुरायची वाट पाहत नाहीत, त्यांनी पाण्याला दारच ठेवलेलं नसतं. बियाच्या सालीत उभ्या, जाड भिंतींच्या पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात आणि त्यातून पाणी आत जात नाही. तरवडीच्या बिया आठवडाभर पाण्यात ठेवल्या तरी त्यातल्या कितीतरी जशाच्या तशा खडखडीत राहतात.

आता प्रश्न असा, की पाणी आत येऊ न देणारं बी स्वतः वाळतं कसं? पिकताना आतली ओल बाहेर जायलाच हवी. न्यूझीलंडच्या ई. ओ. सी. हाइड यांनी १९५४ मध्ये याचं उत्तर दाखवलं. शेंगेला जिथे बी चिकटलेलं असतं तिथे एक बारीक व्रण राहतो, त्याला नाभी म्हणतात. काही शेंगावर्गीय बियांच्या या नाभीत एक फट असते. बाहेरची हवा कोरडी झाली की फट उघडते आणि आतली ओल निघून जाते. बाहेरची हवा दमट झाली की फटीच्या कडा फुगतात आणि ती मिटते. म्हणजे एकेरी झडप. पाणी बाहेर जाऊ शकतं, आत येऊ शकत नाही. दर कोरड्या दिवशी बी आणखी थोडं सुकतं आणि वाळवणाचा तो लाभ कुठल्याही दमट रात्री परत गमावत नाही.

मग हे बंद घर उघडतं कधी? नाभीच्या जवळ सालीत एक कच्ची जागा ठेवलेली असते. रोज तापायचं आणि रोज निवायचं, हे आठवडेच्या आठवडे चाललं की तिथल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि केसाएवढी चीर पडते. पश्चिम ऑस्ट्रेलियात, जिथे आपल्यासारखाच कोरडा, कडक उन्हाळा असतो, तिथल्या शेंगावर्गीय चाऱ्यांच्या बियांवर हे तपासून पाहिलं गेलंय. नुसती उष्णता पुरेशी नसते, चढउतार लागतो. याचा अर्थ लक्षात घ्या. जमिनीत खोल गाडलेल्या किंवा दाट सावलीतल्या बियाला असा चढउतार मिळत नाही. तो मिळतो फक्त उघड्या, पृष्ठभागाजवळच्या बियाला, म्हणजे ज्याला रोप म्हणून जगायची संधी आहे त्यालाच. फायटोक्रोम जे उजेडावरून ओळखतं ते तरवडीचं बी तापमानावरून ओळखतं.

कुसळ हातावर ठेवून पाहा

आता वाचकांनी एक काम करावं. पावसाळा संपल्यावर माळावरून कुसळीचं एक पिकलेलं कुसळ आणावं. खाली टोकदार, तपकिरी बी असतं, त्या टोकाला मागे वळलेले ताठ केस असतात. वर बोटाएवढी लांब काळपट शेपटी. तिचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला, मग एक बाक आणि पुढे सरळ तार. हे कुसळ तळहातावर ठेवून पिळाच्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही. मग पीळ सुटू लागतो आणि वरची तार घड्याळाच्या काट्यासारखी फिरू लागते. डोळ्यांदेखत मेलेलं गवत हालचाल करतं. वाळू द्या, ते उलट दिशेनं पुन्हा पिळलं जातं.

यात कुठलीही जिवंत पेशी काम करत नाही. पिळातल्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे तिरपे, मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. ओल शोषली की भिंती फुगतात, पण धाग्यांच्या दिशेनं ताणल्या जात नाहीत. त्यामुळे सरळ वाढण्याऐवजी त्यांना फिरावंच लागतं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७६ मध्ये अशाच कुसळांवर शोधनिबंध लिहिला आणि बिया स्वतःला जमिनीत कशा पुरतात हे दाखवून दिलं.

माळावर हे असं घडतं. बी पडतं, वरची तार शेजारच्या काडीला किंवा खड्याला अडकते. तार अडकली की फिरण्याचा जोर खालच्या टोकाकडे जातो. पहाटेच्या दवानं पीळ सुटतो, दुपारच्या उन्हानं पुन्हा बसतो आणि प्रत्येक फेरीत टोक थोडं थोडं मुरमाच्या फटीत शिरतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मुंग्या आणि वणव्यापासून, मुख्य म्हणजे जळत्या पृष्ठभागापासून बोटाच्या पेराएवढी जरी खोली मिळाली तरी पुष्कळ झालं. धनगरांना हेच कुसळ नको असतं, कारण ते मेंढीच्या लोकरीतून कातडीत त्याच चतुराईनं घुसतं. म्हणून कुसळी कोवळी असताना चारा, आणि पिकली की मेंढरं दुसऱ्या रानात, हा त्यांचा शिरस्ता.

माळावर दुबार पेरणी नसते

या भागातल्या शेतकऱ्याला दुबार पेरणीचं दुःख सांगायला नको. मृगाचा पाऊस दमदार पडतो, वाफसा येतो, बाजरी पेरली जाते, चार दिवसांत शेत हिरवं होतं आणि मग आभाळ तीन आठवडे कोरडं राहतं. सगळं उगवलेलं जळून जातं, कारण सगळं एकदम उगवलेलं असतं. पिकाकडून आपण तेच मागितलं. हजारो वर्षं माणसानं तेच दाणे पुढे पेरले जे लगेच आणि एकसाथ उगवले, आणि वाट पाहण्याची विद्या पिकांच्या अंगातून बहुतेक निघून गेली.

रानातल्या बियांनी ती जपली आहे. एकाच तरवडीच्या एकाच शेंगेतल्या काही बिया या जूनमध्ये उघडतील, काही पुढच्या, काही त्याच्याही नंतर. सालीच्या जाडीतला जरासा फरक, पडण्याच्या जागेतला फरक, तेवढ्यावर त्यांची तारीख ठरते. इस्रायली शास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये गणितानं दाखवलं की जिथे पावसाचा भरवसा नाही तिथे सगळं बी एका वर्षात उगवणारी वनस्पती कधी ना कधी नष्ट होते. दरवर्षी थोडं बी मागे ठेवणारी टिकते. पावसाळा जितका बेभरवशाचा, तितकं जास्त बी मागे ठेवणं शहाणपणाचं. १९७२ च्या दुष्काळात या तालुक्यांतली पिकं करपली, जनावरं गेली, माणसं खडी फोडायला गेली. माळाची बियाणी मात्र मुरमात शिल्लक होती.

असं बी किती वर्षं तग धरतं? अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकानं १८७९ मध्ये रानबियांनी भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांनी एकेक उकरून तपासावी. २०२१ मध्ये त्यातली एक उघडली तेव्हा १४० हून अधिक वर्षांनंतरही काही बिया उगवल्या. शेवटची बाटली २१०० साली उघडायची आहे. माळाच्या पोटातही अशीच पेढी आहे, फक्त तिच्या बाटल्या कुणी मोजलेल्या नाहीत.

आपली दगडी बाग

ही सगळी विद्या घराच्या अंगणात पाहता येते. त्यासाठी फार काही लागत नाही. दहा बाय पाच फुटांची उघडी जागा, काळे दगड आणि मुरूम पुरेत.

जागा अशी निवडावी की सकाळचं ऊन भरपूर मिळेल. तळाला दगडगोटे, त्यावर मुरूम दोन भाग, जाडी वाळू एक भाग, तांबडी किंवा हलकी माती एक भाग. काळी माती नको. ती पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते आणि मुळं तोडते. शेणखतही नको, त्यानं फक्त तण माजेल. उंची दीड-दोन फूट. दगड नुसते वर ठेवायचे नाहीत, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा जमिनीत जायला हवा. सगळ्यांचा कल एकाच बाजूला आणि किंचित मागे, म्हणजे पावसाचं पाणी दगडावरून घरंगळून आत मुळांकडे जाईल. दगडाखाली ओल सर्वांत जास्त दिवस टिकते, हे कुठलाही दगड उचलून पाहिलं तरी कळतं. आल्प्समध्येही आणि इंदापुरातही झाडं भेगा धरून राहतात ती त्यासाठीच.

मग बिया. मागच्या, थोड्या उंच बाजूला तरवड. सोनेरी पिवळी फुलं, पाणी घालायची गरज नाही. बी पेरण्याआधी उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकावं आणि रात्रभर तसंच राहू द्यावं. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते पेरावं, जे टणक राहिलं असेल त्याला पुन्हा एकदा तेच करावं. खुळखुळा आणि उन्हाळी यांच्या बिया काचकागदावर दोन-चार वेळा घासल्या तरी चालतं. आपण चीर पाडतो, मे महिना तेच काम सावकाश करतो.

दगडांच्या कडेनं विष्णुक्रांत. जमिनीसरशी पसरणारं हे झाड ऐन मुरमात उगवतं आणि सकाळच्या उन्हात नखाएवढी निळी फुलं उघडतं. घंटाफुलाच्या निळ्याची हौस असेल तर ती इथे भागते. याचंही बी टणक, तेही घासूनच पेरावं. मधल्या फटींत माकडशिंगी, चौधारी मांसल खोडाची, काळसर फुलांची. आणि जमलं तर एका कोपऱ्यात कंदीलपुष्प.

कंदीलपुष्पाविषयी थोडं थांबून सांगायला हवं. आपल्या कोरड्या माळांवर सेरोपेजिया बल्बोसा ही त्यातली एक जात आढळते. जमिनीखाली चपटा कंद, पावसाळ्यात वर येणारी सडपातळ वेल आणि तिला बोटाच्या पेराएवढी फुलं. फूल तळाशी फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पाकळ्या टोकांना जुळून झालेली जाळीदार टोपी. बारीक माश्या वासानं आत उतरतात. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी तळाशी अडकते, तिथल्या परागांच्या पिशव्या तिच्या सोंडेला चिकटतात. मग फूल मलूल होतं, केस लुळे पडतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. या गटातल्या कितीतरी जाती फक्त महाराष्ट्रात आढळतात आणि त्यातल्या काही फार दुर्मिळ आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जमवून, वाढवून टिकवण्याचं मोठं काम केलं आहे. कंदीलपुष्पाचा कंद माळावरून उपटून आणू नये, ती चोरीच आहे. रुईसारखे रेशमी तंतू लागलेलं त्याचं बी मिळालं तर ओलसर मुरमावर ठेवून वर वाळूचा पातळ थर द्यावा. अभयारण्यातून किंवा वनखात्याच्या जमिनीवरून मात्र परवानगीशिवाय बीसुद्धा घेऊ नये. बांधावर, स्वतःच्या पडीक रानात जे आहे त्यातलं मूठभर घ्यावं आणि बाकीचं माळाला ठेवावं.

कुसळीसाठी एक प्रयोग सुचवतो, शाळांनी तर तो जरूर करावा. नोव्हेंबरात जमवलेल्या बियांचे तीन वाटे करा. एक वाटा लगेच पेरा. दुसरा कापडी पिशवीत घालून घरात सावलीला ठेवा. तिसरा तशाच पिशवीत गच्चीवर, ऊन लागेल पण भिजणार नाही असा, मे संपेपर्यंत ठेवा. दुसरा आणि तिसरा वाटा मृगात एकाच दिवशी, सारख्या कुंड्यांत पेरा. प्रत्येक कुंडीत शंभर बिया, म्हणजे टक्केवारी आपोआप मिळेल. रोज उगवलेले कोंब मोजून वहीत लिहा. उन्हाळा बियाच्या आत काय करतो, हे मुलांना पुस्तकातून सांगावं लागणार नाही.

हे सगळं मी एवढ्या आग्रहानं लिहितोय त्याला कारण आहे. माळाला आपण पडीक म्हणतो. सरकारी नोंदीतही त्याला तेच नाव मिळतं आणि पडीक म्हटलं की ते भरून काढावंसं वाटतं. कुणी जेसीबी लावून सपाट करतं, कुणी चांगल्या मनानं खड्डे खणून झाडं लावतं. झाडं लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण जिथे झाडांचं रान कधीच नव्हतं तिथे सावली आणली की उजेडावर आणि तापमानाच्या चढउतारावर चालणारी बियांची सगळी घडी मोडते. मुरूम उलटापालटा केला की पृष्ठभागाजवळची पेढी गाडली जाते आणि तिच्यातल्या बियांना पुन्हा मे कधी कळत नाही. कासचं पठार आपण जपायला शिकलो, कारण तिथे फुलांचा गालिचा दिसतो. सुप्याचा आणि कडबनवाडीचा माळही तितकाच मोलाचा आहे, फक्त त्याचं वैभव वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीत असतं.

म्हणून यंदा बागेसाठी बी शोधताना आधी आपल्या बांधावर वाका. तिथे पिकलेलं बी ओळखा, त्याला काय हवंय ते पाहा आणि त्याला त्याचा उन्हाळा मिळू द्या. जूनमध्ये जे उगवेल ते मोजा आणि जे उगवणार नाही ते फेकून देऊ नका. त्या बिया मेलेल्या असतीलच असं नाही. त्यांनी कदाचित पुढचं वर्ष निवडलं असेल.